आर्नफिनची दुसरी साक्ष

ओड्नी ब्रेक्केला अख्खं होल्मेविक गाव बडबडी म्हणून ओळखायचं, आणि सरकार तिला पगार द्यायचं तो गप्प बसण्याचा. या एका गोष्टीवर धक्क्यावरच्या मंडळींनी वीस वर्षं विनोद केले. आता ती मंडळी नाहीत, फेरीबोट नाही, बोगदा झाल्यापासून धक्क्यावर थांबायला कुणाला कारणही नाही. पण तेव्हा फेरीला उशीर असायचा आणि ओड्नी रांगेत असली म्हणजे वेळ कसा गेला ते कळायचं नाही.

बोलणं तिच्या रक्तातच होतं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. गावात कोण कुणाशी काय बोलणार हे आईला बोलणाऱ्यांच्या आधी ठाऊक असायचं, आणि कुणी अडखळलं की मागे चार जण ताटकळलेत म्हणून ती त्याचं वाक्य स्वतःच पुरं करून टाकायची. निम्म्या गावाची लग्नं त्या बाईने पुऱ्या केलेल्या वाक्यांवर ठरली असतील. लेक पोलिसांत गेली तेव्हा सगळे म्हणाले, चोरांची आता धडगत नाही, ही बोलून बोलूनच कबूल करून घेईल.

आणि सुरुवातीची वर्षं तिने तेच केलं. तेव्हा पद्धतच ती होती. समोर साक्षीदार, मध्ये टाइपरायटर. "गाडी लाल होती ना?" साक्षीदार जरा विचार करी, पोलीसबाईला माहीत असेल तर असेल बुवा लाल, म्हणून "हो" म्हणे. टकटक टकटक, लाल. पुढे गाडी हिरवी निघे आणि सगळे साक्षीदाराच्या डोळ्यांना दोष देत.

मग नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिला राजधानीत दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला धाडलं. मुलं, म्हातारी माणसं, बुद्धीने मंद असलेली माणसं यांच्याशी कसं बोलायचं ते शिकायला. खरं तर कसं बोलायचं नाही ते. प्रश्न विचारा, मनात दहा आकडे मोजा, तोंड उघडू नका. ओड्नी चारवर फुटायची. वर्गातले तिच्यावर पैजा लावायचे. शेवटी तिने स्वतःच उपाय काढला: ओठ मिटून जिभेने दात मोजायचे, मागून पुढे, पुढून मागे. अठ्ठावीस दात होतात. जीभ कामात असली की बोलायला मोकळी नसते.

परत आली ती वेगळीच बाई. घरी नवऱ्यावरही तेच.

"माग्ने, आज काय काय झालं ते सगळं सांग. अगदी पहिल्यापासून."

"दुकानात गेलो. बटाटे आणले."

ओड्नी गप्प.

"बटाटे गं. आणखी काय सांगू? बटाटेच होते."

ओड्नी गप्पच.

"बरं बाई, धक्क्यावरच्या टपरीवर एक सॉसेज खाल्लं. डॉक्टरने नको म्हटलंय माहितेय मला. दोन खाल्ली!"

शुक्रवारी रिवाजाप्रमाणे टाको खायला कुणी तिच्याकडे गेलं की बाहेर येताना आपण नको ते सांगून बसलो हे फाटकाशी उमगायचं. "ओड्नीसमोर बसू नका रे," लोक म्हणायचे, "ती काही विचारत नाही आणि आपणच पोटातलं सगळं ओततो."

हसण्यावारी चाललेलं हे सगळं २००३ च्या पानगळीत आर्नफिनपाशी येऊन थांबलं.

आर्नफिन म्हणजे गावातल्या बोर्गहिल्डचा धाकटा भाऊ, तिच्याकडेच राहणारा, एक्केचाळीस वर्षांचा. बुद्धीने आठ-नऊ वर्षांच्या पोराएवढा, अंगाने बैल. गावाबाहेर अशा माणसांसाठी नगरपालिकेने एक कारखाना काढला होता. तिथे ती बर्चच्या झाडाचं सरपण फोडून, गरम खोलीत वाळवून, पोत्यांत भरत. आर्नफिनची पोती मोजून सारखी असत आणि त्याचा त्याला केवढा अभिमान. रोज सकाळी सगळ्यांना कारखान्यात न्यायला रोआलची गाडी यायची, हा आधीच कोपऱ्यावर उभा. एका सोमवारी तो घराबाहेरच पडेना. पलंगाचा पाय धरून बसला. बोर्गहिल्डने बाही वर केली तर मनगटावर चार बोटांचे निळे वळ.

"हे कुणी केलं रे?"

"रोआल."

रोआल, जो दर उन्हाळ्यात सभागृहात अकॉर्डियन वाजवायचा! दुपारपर्यंत गावभर झालं. गाडी त्याच्याकडून काढून घेतली. दुकानात तो एका रांगेत शिरला की माणसं दुसऱ्या रांगेत मैदा शोधायला जात. तोंड फिरवणाऱ्यांत आम्हीही होतो, खोटं कशाला बोला.

जबाब ओड्नीने घ्यायचा. न्यायालयाच्या माडीवर त्यासाठी एक खोली होती. उकडलेल्या वाटाण्याच्या रंगाचा कोच, कोपऱ्यात कॅमेरा, आणि शेजारच्या खोलीत टीव्हीसमोर न्यायाधीश सिसेल, दोन्हीकडचे वकील, बोर्गहिल्ड. ओड्नीने घरून कॉफीचा थर्मास भरून नेला होता. पाहुणा समोर बसलाय आणि कप रिकामा राहिलाय, असं होल्मेविकमध्ये मेलेल्या माणसाच्या घरीही होत नाही. आणि आर्नफिनला तर बहीण दोन कपांवर तिसरा देत नसे.

ओड्नीने त्या दिवशी एकही वाकडा प्रश्न विचारला नाही. नाव स्वतःहून घेतलं नाही, रंग सुचवला नाही, दात मोजत बसली. आर्नफिनने सात वेळा रोआलचं नाव घेतलं. बाहेर आल्यावर सरकारी वकिलाने तिचा हात हातात घेऊन हलवला. "पुस्तकात छापावा असा जबाब," तो म्हणाला.

चार दिवसांनी ती गोषवारा लिहायला बसली. कचेरीतल्या टीव्हीचा आवाज गेला होता. दुरुस्तीवाला फेरीच्या पलीकडचा, तो केव्हा येणार! तिने लिहून काढलेला जबाब मांडीवर घेतला आणि मुकी कॅसेट लावली. आवाज नसल्यामुळे बघायला फक्त हात उरले. आर्नफिनचे दोन, तिचे दोन.

"रोआल" असा शब्द कागदावर आला की पडद्यावर तिचा हात थर्मासकडे जाई आणि कप भरे. पहिल्यांदा तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं. दुसऱ्यांदा कॅसेट मागे नेली. सातच्या सात वेळा. आणि मध्येच एकदा आर्नफिन खिडकीकडे बघून म्हणाला होता, "वाळवणीची खोली..." तेव्हा तिचा हात मांडीवर तसाच. आर्नफिनने रिकाम्या कपात पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि परत म्हणाला, "रोआल." कप भरला.

ज्या माणसाने आयुष्यभर समोरच्याला काय हवंय ते ओळखून तेच दिलं, कारण मग सगळे खूश होतात, त्याला दुसरं काय कळणार? ओड्नीची जीभ दातांत अडकवलेली होती, पण आईचं रक्त हातांतून वाट काढून बाहेर आलं. वाक्य तिनेच पुरं केलं होतं, शब्द न बोलता.

ती कॅसेट काखेत मारून तशीच सिसेलकडे गेली.

"दुसऱ्यांदा जबाब?" सिसेल म्हणाली. "ओड्नी, बचावाचा वकील म्हणेल, पहिल्यात हवं ते मिळालं नाही म्हणून पुन्हा बसवलं."

"पहिल्यात हवं तेच मिळालं, सिसेल. तिथेच तर माती खाल्लीय मी."

"तुला हे लिहून द्यावं लागेल. सही करून. ते कागदपत्रांत राहील."

"राहू दे."

"आणि दुसरा जबाबही असाच डळमळीत निघाला, तर यापुढे आर्नफिनच्या शब्दाला कुठलंच न्यायालय धूप घालणार नाही. फक्त याच प्रकरणात नव्हे, कधीच. तो घरी बसेल आणि ते वळ ज्याने उठवले तो मोकळा फिरेल. कळतंय ना तुला?"

तेवढंच तर ओड्नीला कळत होतं. तिच्या ठाण्यातल्या साहेबांना मात्र काहीच कळेना. "कॉफी ओतली म्हणून स्वतःविरुद्ध लिहून देणारी पोलीस मी पहिल्यांदाच बघतोय," ते म्हणाले. "उद्या बिस्किट दिलं म्हणून राजीनामा देशील." तिने लिहून दिलं. कोणत्या मिनिटाला, कोणत्या शब्दावर, सातही.

दुसऱ्या वेळी थर्मास आर्नफिनच्या कोपराशी होता. "हवी तेवढी घे. तुझी तू घे," ती म्हणाली आणि स्वतःच्या हातांवर बसली. अक्षरशः, मांड्यांखाली हात घालून.

"आज एक नियम आहे. मी काही चुकीचं बोलले तर मला सांगायचं. समज मी म्हटलं, आर्नफिन, तू आज होडीने आलास."

आर्नफिनने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "चालत आलो."

"मग मला काय सांगायचं?"

"चुकलीस, पोलीसबाई." आणि तो असा हसला की कोच हलला. पोलिसाला चुकलीस म्हणता येतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याने ते आणखी तीनदा म्हणून पाहिलं.

मग ती म्हणाली, "मागच्या वेळी तू म्हणालास, वाळवणीची खोली. त्याबद्दल जे आठवेल ते सगळं सांग."

आर्नफिनने कप भरला. प्यायला. पुन्हा भरला. पलीकडच्या खोलीत वकिलाने घड्याळ पाहिलं, असं बोर्गहिल्डने नंतर सांगितलं. ओड्नीचे दात मागून पुढे झाले, पुढून मागे झाले, पुन्हा मागून पुढे. एरवी याहून कमी वेळात तिने फेरीच्या रांगेत एक अख्खं घटस्फोट प्रकरण सांगून संपवलं असतं.

"हालवोर म्हणाला, फार बोलतोस. आत जरा वाळ."

हालवोर म्हणजे कारखान्याचा मुकादम. ओड्नी हलली नाही.

"दार बंद. बाहेरून. गरम. बर्चचा वास. नाकात दुखतं. मी खाली झोपलो, खाली गार. दाराखाली फट. हालवोरचे बूट. एका बुटाची नाडी पिवळी. एकाची नाही."

"आणखी?"

"रेडिओवर माशांचे भाव झाले. मग पाद्री झाला. मग गाणी. मग जेवणाची घंटा. मी घंटेला गेलो नाही. दार बंद."

माशांचे भाव ते जेवणाची घंटा, म्हणजे जवळजवळ अख्खी सकाळ. टीव्हीसमोर सिसेलने पेन खाली ठेवलं.

ओड्नीने पुन्हा अठ्ठावीस मोजले आणि मग म्हणाली, "तुझ्या मनगटाबद्दल सांग."

"रोआल. मला कारखान्यात नको होतं. गाडी चालत होती. मी दार उघडलं. रोआलने धरलं. जोरात." त्याने स्वतःचं मनगट धरून दाखवलं. "गाडी थांबली. रोआल रडला. म्हणाला, आर्नफिन, मेला असतास ना रे."

बोर्गहिल्डने "हे कुणी केलं" असं विचारलं होतं, त्याने खरं उत्तर दिलं होतं. पुढचं कुणी विचारलंच नाही, आणि रोआल सांगत होता ते कुणी ऐकून घेतलं नाही. सगळ्या गावाला उत्तर मिळालं होतं ना.

वाळवणीच्या खोलीला बाहेरून कडी सापडली. इमारतीच्या नकाशात ती नव्हती. रेडिओचा कार्यक्रम मिनिटामिनिटाने जुळला. कारखान्यातले आणखी दोघे बोलले, एकाने नुसतं दाराकडे बोट दाखवून पँट ओली केली. खटल्यात हालवोरच्या वकिलाने पहिल्या कॅसेटचा मोठा बाण काढला, पण ओड्नीचा सहीचा कागद आधीच वर पडलेला. तिने स्वतःबद्दल लिहिलं होतं त्याहून वाईट त्याला काही सुचेना. न्यायालयाने आर्नफिनचा शब्द धरला. हालवोरला शिक्षा झाली, आणि तो सुटल्यावर गाव सोडून गेला.

त्या माडीवर आता कानाची यंत्रं विकतात. ओड्नी सत्तरीला टेकलीय, माग्ने गेला, आणि पोलिसांतली नवी पोरं तिच्याकडे येऊन पडद्यांच्या, संगणकांच्या गोष्टी सांगतात. ती ऐकते आणि मधूनच म्हणते, "कोच चांगला होता हो तो." आम्हाला तो कोच कधी आवडला नाही. पण तिच्या तोंडून ऐकलं की वाटतं, परत एकदा तिथे बसता आलं तर बरं होईल.

खटला जिंकला म्हणून आर्नफिन लगेच कामावर गेला असं मात्र नाही. रोआलला गाडी परत मिळाली. नगरपालिकेने त्याला माफीचं पत्र धाडलं, आम्ही वॉफल धाडली. त्याने पत्र चुलीत घातलं आणि वॉफल खाल्ली. पहिल्या सोमवारी त्याने आर्नफिनला कारखान्याच्या फाटकाशी नेलं. आर्नफिन उतरला नाही. रोआलने इंजिन बंद केलं आणि दोघे दुपारपर्यंत गाडीत बसले. आर्नफिन बोलत होता, कुठल्या पोत्यात किती लाकडं बसतात, का बसतात. मंगळवारी तसंच. बुधवारी रोआलने डबाच नेला, दोघांचा.

गुरुवारी संध्याकाळी ओड्नी दुकानात गोठवलेल्या माशांपाशी उभी होती. रोआल त्याच रांगेत आला. खटल्यानंतरची दोघांची पहिलीच भेट. त्याला सांगायला तिच्याकडे पुष्कळ होतं, त्याची माफी पण मागायची होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला दात न मोजता शब्द सुचेना.

"आज उतरला," रोआल म्हणाला.

"आत गेला?"

"गेला. दार उघडं ठेवा म्हणाला, ठेवलं. बत्तीस पोती भरली. मला मोजायला लावली."

रोआलने कॉड उचलला आणि निघून गेला. ओड्नी पैसे देऊन गाडीत जाऊन बसली, माशांची पिशवी मांडीवर. मांड्या गारठून बधिर होईपर्यंत तिने किल्ली फिरवली नाही.