तळघरातलं वाकडं हेड

इस्पितळाच्या तळघरात, धुलाईखाना आणि मोडक्या खाटांची खोली यांच्या मध्ये, एक बिनखिडकीची खोली होती. तीन भिंतींना छतापर्यंत मांडण्या, मांडण्यांवर टेपा, आणि उरलेल्या जागेत टेपबाई. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं. बाकी कुणाला ते ठाऊक असेल असं वाटत नाही.

संगणकाची डिस्क कधी दगा देईल याचा नेम नसतो, म्हणून इस्पितळाचा रोजचा कारभार टेपेवर उतरवून ठेवायचा, हे त्यांचं काम. मग एकदा डिस्कने खरोखरच दगा दिला. चार दिवस टकटक केली आणि पाचव्या दिवशी कायमची गप्प झाली. तेव्हापासून जुने पेशंट फक्त टेपांवर उरले. टेपबाईंच्या मागे नवं काम लागलं: एकेक टेप वाचायची आणि नव्या डिस्कवर चढवायची.

सांगायला सोपं आहे हो. जुनी टेप चिकटते. तिला आधी दिव्याच्या पेटीत ऊब द्यायची, दोनदा पुढेमागे गुंडाळायची, मग टेप वाचणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे ड्राइव्हच्या, झाकणावर हात ठेवून बसायचं. घरघर एकसारखी असेल तर ठीक, अडखळली की लगेच थांबवायचं, नाहीतर टेप तुटते. एक टेप कधी दोन तासांत उतरे, कधी दोन दिवस घेई. त्यातच एकदा नवी डिस्क आणि तिची राखीव डिस्क, एकाच खेपेला आलेल्या सख्ख्या बहिणी, एकाच आठवड्यात गेल्या. दीड वर्षाची मेहनत पाण्यात. साहेब म्हणाले, "चालायचंच, बाई." साहेबांना काय, ते चालत वर गेले. टेपबाई पुन्हा पहिल्या टेपेपाशी येऊन बसल्या.

त्यांना जायचं होतं. दीड दिवसाच्या प्रवासावर त्यांची थोरली बहीण एकटी राहायची आणि तिची नजर कडेकडेने मिटत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. ताई फोनवर म्हणायची, "अगं, डोळे आहेत तोवर तुझं तोंड बघू दे की. मग आलीस काय नि न आलीस काय, आवाज काय फोनवरही येतो." टेपबाईंनी मुदतीआधी निवृत्तीचा अर्ज तीनदा दिला. साहेबांनी तिन्ही वेळा एकच उत्तर दिलं, "टेपा संपू द्या." पाच दिवसांची रजा कशीबशी मिळे, आणि ताईचे पडदे धुऊन वाळेपर्यंत ती संपे.

आता एक गोष्ट, जी टेपबाईंनी कुणाला कळू दिली नव्हती. पंधरा वर्षांपूर्वी हे बिऱ्हाड वरून तळघरात आलं, तेव्हा ड्राइव्ह त्यांच्या हातून ढकलगाडीवरून घसरला आणि कोपऱ्यावर आपटला. टेपेला टेकून लिहिणारं-वाचणारं त्याचं हेड केसभर कललं. आधीच्या टेपा वाचल्या जाईनात. बाईंनी ते दमट हवेवर ढकललं, सगळ्यांना पटलंही, आणि त्या टेपा भंगारात गेल्या. पण पडल्यानंतर त्याने जे लिहिलं, ते तो बिनतक्रार वाचायचा. वाकड्याने वाकडं लिहिलं, वाकड्याला ते सरळ दिसलं. बाईंनी तोंड उघडलं नाही आणि पंधरा वर्षं सगळं इस्पितळ त्या वाकड्या हेडाच्या भरवशावर राहिलं.

अशाच एकदा टेपबाई ताईकडे पाच दिवस गेल्या असताना दुरुस्तीवाला आला. माणूस कामाला चोख. त्याने धूळ काढली, तेल दिलं आणि पुस्तकात बघून हेड अगदी ओळंब्यात बसवलं. बाई परतल्या तर एकही टेप वाचली जाईना. दुरुस्तीवाल्याने आपली नमुन्याची टेप लावून दाखवली. ती झर्रकन वाचली गेली. "यंत्र नव्यासारखं आहे, साहेब. टेपाच मेल्यात."

साहेबांनी सुस्कारा सोडला. "मेल्या तर मेल्या. मग बाईंना तरी कशाला डांबून ठेवायचं?" आणि त्यांनी अर्जावर सही केली. सोमवारपासून मोकळ्या!

टेपबाईंनी पहिल्याच नजरेत ओळखलं होतं. हेडाच्या स्क्रूवरचा पंधरा वर्षांचा गंज निघाला होता. पण त्या गप्प राहिल्या. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं होतं. जिन्यावर पाऊल वाजलं की त्या दाराकडे बघायच्या. तरी घरी जाऊन त्यांनी बॅग भरली. फोनवर ताई हसली. "डोळ्यांना सांगून ठेवते, बाबांनो, मंगळवारपर्यंत दम धरा."

शुक्रवारी सकाळी किरणांच्या विभागातले डॉक्टर तळघरात उतरले. बरोबर एक बाई होती, बस चालवणारी, खांद्याने रुंद, आवाजाने मोठी. चौदा वर्षांपूर्वी तिच्या पाठीतल्या गाठीवर किरण दिले होते, आणि आता त्याच जागी पुन्हा गाठ आली होती.

"तेव्हा नेमकं कुठे नि किती दिलं, ते कळायला हवं," डॉक्टर म्हणाले. "अंदाजाने जास्त दिलं तर मणक्यातला मज्जारज्जू जाईल, पाय लुळे पडतील. कमी दिलं तर गाठ राहील. टेपा मेल्यात म्हणे, तरी म्हटलं विचारावं."

"मी सांगितलं यांना आठवतं तेवढं," बसवाली म्हणाली. "पण पालथं पडल्यावर कोण मोजत बसतं, बाई?"

टेपबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. ब्रेक दाबणारे, जिने उतरून आलेले पाय. मेल्यात, एवढं एक वाक्य म्हटलं की सोमवार आपला. ते जिभेवर आलंही. आणि त्यांना स्वतःचाच असा राग आला की त्या जवळजवळ ओरडल्याच, "बाहेर बसा दोघं. मी हाक मारीन."

त्यांनी दार लावलं, त्या वर्षीच्या टेपेला ऊब दिली, ड्राइव्हचं झाकण काढलं. टेप फिरत ठेवून स्क्रू केसभर सैल केला. नुसती खरखर. आणखी केसभर. खरखरच. कुठल्या बाजूला पडला होता? डाव्या. बोटांना आठवत होतं. त्यांनी स्क्रू उलटा फिरवला, श्वास धरला, आणि घरघर एकसारखी झाली.

दोन तासांनी कागद डॉक्टरांच्या हातात होता: जागा, मात्रा, पंचवीस बैठका. डॉक्टरांनी त्यांचे दोन्ही हात धरले. बसवाली म्हणाली, "पंचवीसच? मला तर शंभर वाटल्या!" आणि मग ती रडायला लागली.

साहेबांना सगळं सांगणं भागच होतं. टेपबाईंनी पंधरा वर्षांपूर्वीच्या त्या पडण्यासकट सांगितलं. साहेब रागावले नाहीत, उलट खुलले.

"म्हणजे सगळ्या टेपा जिवंत आहेत! आणि बाई, हे असं बोटांनी तुमच्याशिवाय कोण वाचणार?"

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! "साहेब, माझी बहीण आंधळी होतेय," त्या म्हणाल्या.

"मला फार वाईट वाटतं. खरंच." साहेबांनी सहीचा कागद खणात सरकवला. "पण ही बस चालवणारी काय एकटीच आहे, बाई?"

नव्हतीच. ते खरं होतं म्हणून तर बाईंना चीड आली.

संध्याकाळी त्यांनी फोन केला. ताईने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "किती राहिल्यात?"

"आठशे बारा."

"मग मीच येते. तुझ्या त्या खोलीत खुर्ची आहे ना जादा?"

घर आवरून, कुलूप घालून यायला ताईला दोन महिने लागले. भरदुपारी ती आली. पहारेकऱ्याने हाताला धरून जिना उतरवून आणलं. टेपबाईंनी धुलाईखान्यातून मागून आणलेली खुर्ची ड्राइव्हजवळ ओढली, ताईला बसवलं आणि स्वतः तिच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. डोक्यावर दोन ट्यूबलाइट लख्ख जळत होत्या. टेबलावरच्या दिव्याचा झोत बाईंच्या चेहऱ्यावरच पडला होता.

ताईने मान पुढे केली, डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. मग जरा हसून म्हणाली, "इथं उजेड कमी आहे का गं?"

"हो ताई," टेपबाई म्हणाल्या. "तळघर आहे ना." आणि त्यांनी पुढची टेप लावली.