अण्णांचं लॅमिनेट केलेलं पत्र

मंडळी, आज उमरग्यात माझ्यावर घोर अन्याय झाला. हॉटेलात माझ्या चहात साखर पडली नाही आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. सगळे बसप्पाअण्णांभोवती जमले होते.

अण्णा निवृत्त तलाठी. मंत्रालयातल्या एका निर्णयाची फाईल त्यांनी माहितीच्या अधिकारात मागितली होती. उत्तर आलं, ‘गोपनीय’. ते पत्र अण्णांनी चक्क लॅमिनेट करून आणलेलं! मी वीस वर्षं लिहून लिहून सरकारला टोमणे मारतोय, मला साधा नकारही आलेला नाही. लई जळलो.

“एवढं काय झाकतेत हो हे?” मी चिडून म्हणालो.

“सरकारचं ऱ्हाऊ द्या राव,” अण्णा हसले. “तुमच्या गाजलेल्या पोस्टमधलं वाक्य माझं व्हतं, हे तुमी कुठं सांगितलं?”

तुम्हीही असं काही झाकलंय का?

मी आत्ताच त्या पोस्टखाली अण्णांचं नाव लिहिलं.