व्हर्ना स्टाखुरा वास घेते

आमच्या हेझल पार्क गावात जुन्या दणकट गाड्या बाळगणाऱ्यांना दोन गोष्टींचा भारी गर्व असतो, आपल्या गाडीचा आणि आपल्या अकलेचा. गाडी निदान डोळ्यांना दिसते. हे मी अधिकाराने बोलतोय. नाइन माइल रस्त्यावर माझं सुट्या भागांचं दुकान आहे आणि गेली तीस वर्षं मी, गिल मॅडॉक्स, या विद्वानांना तेलाच्या बाटल्या विकतोय. भिंतीपलीकडे व्हर्ना स्टाखुराचं गॅरेज. ती फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं काम करते, दुसऱ्या कशाला हात लावत नाही.

व्हर्ना आता सदुसष्ट वर्षांची आहे. विसाव्या वर्षी ती गिअरबॉक्सच्या कारखान्यात लागली. तिच्या पाळीत पुरुष चारशे आणि बायका सात. सहा वर्षांनी मंदी आली, सगळ्यांना घरी बसवलं, तेव्हा तिने भावाबरोबर हे गॅरेज टाकलं. थंडीला कंटाळून भाऊ फ्लोरिडाला पळाला, ही राहिली. मधे एक नवराही झाला. त्याच्याबद्दल विचारलं तर म्हणते, "माणूस चांगला होता रे, पण त्याला मागचा गिअरच नव्हता. गेला तो गेलाच."

तिची परीक्षा घेण्याची पद्धत ठरलेली. इंजिन तापवायचं, चालू ठेवायचं, डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची पट्टी, ओढायची, एक थेंब पांढऱ्या कागदावर टाकायचा. मग डिपस्टिक नाकाशी धरून डोळे मिटायचे. वास चांगला असला तर "तेल बदल". जळका असला तर "हात लावू नकोस". जळका वास म्हणजे आतल्या क्लचप्लेटा झिजल्यात, आणि त्यांची भुकटी तेलात मिसळली आहे म्हणूनच पकड कशीबशी टिकून आहे. अशा बॉक्समधलं सगळं तेल बदललं आणि गाडी दामटली, तर बॉक्स रस्त्यातच जीव सोडतो. आधी बॉक्स उघडायचा, मग तेलाची भाषा. तिच्या निकालावर कोणी अपील करत नसे.

साथीच्या दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत ती तीन आठवडे आजारी होती. मार्चमध्ये तिने मला कॉफी दिली, त्यातलं दूध नासलेलं होतं. कप तोंडाजवळ नेताच मला मळमळलं. ती समोर बसून आपला कप आरामात संपवत होती. मला कळायचं ते कळलं. मी कॉफी हळूच मोरीत ओतली आणि गप्प राहिलो. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला सांगितलं. ती कागदावरचा रंग बघून, तेल बोटांवर चोळून निकाल देत होती आणि नाक फक्त रिवाज म्हणून पुढे करत होती. काम निभत होतं, किंवा निभतंय असं मी मानत होतो.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी ऑरव्हिल टॅकेट आला. वय त्र्याहत्तर, मूळचा केंटकीचा, जन्म गेला गाड्या जोडण्यात. त्याची सत्तर सालची टोरिनो त्याच्याच लाइनवरून उतरलेली आणि त्यानेच विकत घेतलेली. गिअरबॉक्सवर गाडीचाच नंबर ठोकलेला आहे. असला बॉक्स मोडला तर त्याच्या जागी दुसरा बसेल, पण मग ती गाडी ऑरव्हिलची ती गाडी राहणार नाही. शनिवारी वुडवर्ड रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक होती आणि त्याला दिवसभर फिरायचं होतं. सोबत दोन रिकामटेकडे घडीच्या खुर्च्या घेऊन निकाल ऐकायला आलेले. आमच्याकडे याला करमणूक म्हणतात.

"मिस व्हर्ना, हे बघ काय आणलंय," ऑरव्हिलने बारा बाटल्यांचं खोकं टेबलावर ठेवलं. "सगळ्यात नवीन सिंथेटिक तेल. सगळ्यात महाग."

"महाग आहे म्हणून पाजणार होय? उद्या तुझ्या म्हातारीला शॅम्पेनवर ठेवशील," व्हर्ना म्हणाली. "हे पातळ आहे. आजकालच्या बॉक्ससाठी. तुझ्या बॉक्सचं सगळं सील पन्नास वर्षांचं, गळायला लागेल."

"मग डेक्स्रॉन तेल?" एक रिकामटेकडा खुर्चीतून म्हणाला.

"ते गुळगुळीत असतं. प्लेटा आधी घसरतात, मग धरतात. सत्तर सालच्या या बॉक्सला टाइप एफच लागतं, ते कचकन धरतं. हे तुला चाळीस वर्षं सांगतेय, अजून डोक्यात शिरत नाही!" ती माझ्याकडे वळली. "गिल, टाइप एफच्या तेरा बाटल्या काढ. कन्व्हर्टरमध्ये अडकून राहतं त्या तेलासकट सगळं रिकामं करते."

"आधी बघ तरी," मी म्हणालो.

"बघतेच आहे."

इंजिन धडधडत होतं. तिने डिपस्टिक ओढली. कागदावर थेंब पडला तो लालभडक, चेरीच्या पाकासारखा. तिने बोटांवर चोळलं. खरखर नाही. डिपस्टिक नाकाशी नेली, डोळे मिटले.

मी दोन हात लांब उभा होतो आणि मला जळका वास येत होता. पाव टोस्टरमध्ये विसरल्यासारखा, स्पष्ट. रंग एक सांगत होता, वास दुसरं. रिकामटेकडे एक्झॉस्टच्या धुरात बसलेले, त्यांना पत्ता नव्हता. ऑरव्हिलला लहानपणापासून सायनस, त्याला गुलाब आणि गटार सारखंच.

"छान आहे," व्हर्ना म्हणाली. "बदलू या."

बोलावं तर तिघांसमोर तिची चाळीस वर्षं मातीत जाणार, आणि रात्रीपर्यंत ती गोष्ट पार टोलेडो शहरापर्यंत पोचणार. न बोलावं तर शनिवारी भर वुडवर्डवर ऑरव्हिलचा बॉक्स मरणार. तिने गाडी लिफ्टवर घेतली. कन्व्हर्टरच्या बोल्टला पाना लावला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. खरं सांगतो, मी भित्रा आहे. आवडत्या माणसासमोर तर फारच.

तिने पाना फिरवायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला होता देव जाणे. तिचा हात थांबला. मग पाना ठेवून दिला, गाडी खाली घेतली, डिपस्टिक पुन्हा ओढली आणि माझ्यासमोर धरली.

"तू घे वास."

"व्हर्ना, जाऊ दे ना..."

"घे म्हणते ना! मला येत नाही. फेब्रुवारीपासून कशाचाच येत नाही." तिने हे इतक्या मोठ्याने सांगितलं की रस्त्यावरचा माणूसही ऐकेल. "बोल. जळलंय?"

"जळलंय," मी म्हणालो.

घडीच्या खुर्च्या करकरल्या. व्हर्ना ऑरव्हिलकडे वळली.

"मग लाल कसं? खरं सांग, टॅकेट."

ऑरव्हिलचं तोंड तेलापेक्षा लाल झालं. "गेल्या आठवड्यात मीच थोडं बदललं. खालचा ट्रे जरा सैल करून गळेल तेवढं गळू दिलं आणि चार बाटल्या ओतल्या. बॉक्स घसरत होता ना. घरी डेक्स्रॉन पडलेलं होतं... तू ओरडशील म्हणून सांगितलं नाही."

"म्हणजे आत दोन तृतीयांश जळकं, वरून चार बाटल्यांचा रंग! गाढवा, मी आता हे सगळं काढून टाकणार होते!"

तिने गाडी पुन्हा वर घेतली आणि ट्रे सोडवला. तळाशी काळा गाळ होता, बोटभर जाड. तो बघायला नाक लागत नव्हतं. तिने बोटाने गाळ उचलला, उजेडात धरला आणि हलकेच म्हणाली, "प्लेटा गेल्यात. पण यात धातूचा चुरा नाही, म्हणजे प्लेटांचा ड्रम धड असणार. उघडला तर वाचेल. शनिवार विसर."

ऑरव्हिलने मान हलवली. किल्ली हुकावर अडकवली आणि बायकोला बोलवायला बाहेर गेला. रिकामटेकडेही खुर्च्या मिटून गेले, नेहमीपेक्षा फार लवकर.

मला वाटलं, आता ती रडेल, मी खांद्यावर हात ठेवीन, प्रकरण संपेल. तिने हात पुसले.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"मार्चपासून."

"मार्च." ती बोटांवर महिने मोजायला लागली आणि मधेच थांबली. "आणि या पाच महिन्यांत मी 'छान आहे' म्हणून किती गाड्या सोडल्या?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला वाईट वाटायचं राहू दे. गाड्या किती?"

कामाची वही तिनेच काढली. अकरा निघाल्या. त्यातल्या किती मी दुकानाच्या दारात उभा राहून, हात हलवून वाटेला लावल्या होत्या ते मला आठवत होतं. माझ्या दयाळूपणाचा मला पाच महिने किती अभिमान वाटला होता, तेही आठवत होतं.

तिने फोन पुढे ओढला आणि पहिला नंबर फिरवला.

"मी व्हर्ना. एप्रिलमध्ये तुझी गाडी मी वास न घेता सोडली. मला वास येत नाही. हो, खरंच. उद्या घेऊन ये, पैसे नकोत, आणि येताना हळू चालव."

तिने फोन ठेवला, वही माझ्याकडे फिरवली आणि दुसऱ्या नावावर बोट ठेवलं.

"हा तू कर," ती म्हणाली. "आणि तुला माहीत होतं, हेही सांग."