निळ्या दाराच्या काकू

"आई, पिवळं दार करायचं म्हणजे सगळ्या वस्तीचा पत्ता पुसायचा!" सून तावातावाने म्हणाली.

"माझ्या दाराचा रंग आता वस्ती ठरवणार का?" काकूंनी शिलाई मशीनचं चाक हाताने थांबवलं.

"सगळे पत्ते त्यावरच तर आहेत," मुलगा म्हणाला.

ते काही खोटं नव्हतं. काकू लग्न होऊन आल्या तेव्हा इथे मोजून चार घरं. शहराची हद्द अलीकडच्या नाल्याशी संपायची, गावाची पलीकडच्या रस्त्यापासून सुरू व्हायची. मधल्या वस्तीला कुणी नाव दिलं नाही, की घरांना नंबर. काकूंचे यजमान बस दुरुस्त करायचे. डेपोत उरलेला निळा रंग त्यांनी दाराला फासला. "अख्खा डबा फुकट!" हे ते अजून ऐटीत सांगत. घरं वाढत गेली आणि जो तो आपला पत्ता त्या दारापासून मोजू लागला. निळं दार, उजवीकडे तिसरं. निळ्या दारामागे, वरचा मजला. एकदा तर नव्या बिऱ्हाडाचं सगळं सामान काकूंच्याच अंगणात उतरलं. त्यांनी हमालांना चहा पाजला, सोफ्याच्या खोळीचं माप घेतलं आणि मगच सामान पुढे धाडलं.

शेजारणींच्या ब्लाउजांचे रंग काकूच निवडून द्यायच्या. दाराचा तो निळा मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर नको होता. आता दार खालून कुजलं होतं, सुतार उद्या नवं बसवणार होता, आणि इतक्या वर्षांची हौस उसळून वर आली होती.

"पिवळ्याने डोळे दुखतील," यजमान पेपराआडून म्हणाले.

"तुमच्या निळ्याने माझे किती वर्षं दुखतायत!"

पेपर खाली आला. "अगं, मग बोलली नाहीस ती?"

"फुकटातला ना तो! बोलायची सोय होती का?"

सुनेला हसू आवरेना. यजमानही ओशाळून हसले.

"पण गॅसवाला चुकेल, आई," मुलाने शेवटचा प्रयत्न केला.

काकूंनी दार बोटांनी वाजवून पाहिलं. कंबरेच्या वरचं लाकूड अजून खणखणीत होतं.

"नवं दार पिवळंच होणार," त्या म्हणाल्या. "जुन्याचं कुजकं कापून सुतार उरलेलं निळं दार आपल्या कुंपणाबाहेर रोवेल. पत्ते तिथून मोजा. आणि आपलं घर कुणी विचारलं तर सांगायचं, निळ्या दाराशेजारी, पिवळं दार."