छतातला सहावा स्पीकर

महमूदभाई बावीस वर्षं कुवेतला होते. तिथल्या बंगल्यांत भिंतीवर टीव्ही टांगायचे आणि छतात स्पीकर बसवायचे, हेच त्यांचं काम. २०१२ मध्ये ते कायमचे पनवेलला परतले आणि पहिल्याच आठवड्यात जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर स्वतःच्या हॉलचा नकाशा काढायला बसले. समोर टीव्ही, छतात पाच स्पीकर.

त्यांच्या बायकोने, शहाबानोने, कागद निरखून पाहिला. "यात मी कुठे?"

"सोफ्यावर. अगदी मधोमध."

"संध्याकाळची मी किचनमध्ये असते. पण तुम्हाला कसं ठाऊक असणार? इतकी वर्षं तुम्ही फोनवरच होता!" ती हसत म्हणाली.

महमूदभाई ओशाळले. मग दोन दिवस ते नुसते तिच्या मागे घरभर हिंडले. टीव्हीची भिंत बदलली, ओट्यापाशी उभं राहूनही दिसेल अशी. सहावा स्पीकर किचनच्या छतात गेला.

पहिल्या दिवशी क्रिकेटची मॅच लावली. विकेट पडली तशी किचनमधून आरोळी आली. पाठोपाठ शहाबानो उलथनं नाचवत बाहेर आली आणि रिप्ले संपेपर्यंत आत गेलीच नाही. तव्यावरचं पापलेट करपलं. महमूदभाईंनी तेही आवडीनं खाल्लं.