धर्मराज सरांना काढल्याचा ठराव

धर्मराज सरांना काढायचा ठराव मी लिहिलाय, मंडळाचा चिटणीस म्हणून, सुवाच्य अक्षरात.

वांगणीच्या आमच्या मुलींच्या संघाला हा माणूस अठरा वर्षं फुकट कबड्डी शिकवत होता. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर. पहिली पाळी संपली की घरी न जाता थेट मैदानावर. माझे वडील नऊ दिवस दवाखान्यात होते, तेव्हा त्यांचं अंथरूण सरांनीच बदललं. मी सख्खा मुलगा, पण मला शिसारी यायची. माणूस म्हणून सोनं. पण कोच म्हणून? अठरा वर्षांत एक ढाल नाही, सांगा!

कारण त्यांचा तो नियम. स्पर्श झाला की पंचाला दिसो वा न दिसो, आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जायचं. सरावात एखादी लपवताना सापडली तर तिला रागवायचे नाहीत, स्वतःच मैदानाला पाच फेऱ्या मारायचे. पन्नाशीचा माणूस धापा टाकत पळतोय म्हटल्यावर कोण लपवेल? मी चिडायचो. "सर, समोरच्या पोरी पाळतात का हे?"

"त्यांचा कोच मी नाय ना, दिनानाथ," एवढंच म्हणायचे.

गेल्या वर्षी बदलापूरला सेमीफायनल होती. जिल्ह्याचा संघ फायनलच्या दोन संघांतूनच निवडणार होते. आमच्या अक्षदाला त्या संघात जायचंच होतं. राज्य स्पर्धेचं सर्टिफिकेट मिळवून पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करायचा, हे तिनं दहावीपासून ठरवलेलं. पुढच्या वर्षी ती या वयोगटात बसणार नव्हती. वडील नाहीत, आई उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सचे धागे कापते. दुसरी वाट नव्हतीच.

सत्तावीस-सत्तावीस. समोरच्या मुलीची शेवटची चढाई. परत फिरताना तिची बोटं अक्षदाच्या खांद्याला निसटती लागली. पंचाला दिसलं नाही, त्या मुलीलाही कळलं नाही. बरोबरी झाली असती, जादा वेळेत आम्ही जिंकलोही असतो. तेवढ्यात माझ्या शेजारून सर ओरडले, "अक्षदा, हात!" अक्षदानं हात वर केला. एका गुणानं हरलो.

मी पेटलो. मीटिंगमध्ये म्हणालो, "माणूस वेगळा, काम वेगळं. देवमाणूस आहे ना, मग देव्हाऱ्यात ठेवा. संघ दुसऱ्याला द्या." सर म्हणाले, "हो, मीच ओरडलो." शिट्टी टेबलावर ठेवून ते निघून गेले. त्यानंतर ते मैदानाकडे फिरकले नाहीत आणि माझ्या घरीही आले नाहीत. मी तर फक्त कोचला काढलं होतं.

नवे संतोष सर स्पर्श झाला तरी गप्प राहायला शिकवतात. सहा महिन्यांत पहिली ढाल आली. सत्काराचं बोलावणं अक्षदाला द्यायला मी कॅम्प पाचला गेलो. अक्षदा आईशेजारी बसून धागे कापत होती. मी म्हटलं, "त्या दिवशी सर ओरडले नसते तर आज तू कुठं असतीस!"

तिनं कात्री थांबवली. "सर ओरडले होते?"

"म्हणजे?"

"काका, शिट्ट्या, ढोल, काय ऐकू येणार? मीच केला हात वर."

"मग सर मीटिंगमध्ये असं का म्हणाले?"

"त्यांना वाटलं असेल, त्यांच्यामुळंच झालं. नायतर तुमच्या रागातून मला वाचवलं असेल. तुम्ही त्यांना काढलंत, हे मला महिन्यानं कळलं. मी गेले होते त्यांच्याकडे. दार उघडलं नाही."

मला तिच्याकडे बघवेना. समितीत मी सगळं सांगितलं, ठराव मागे घ्या म्हणालो. खजिनदार बाळ पाटील म्हणाले, "दिनानाथ, तूच म्हणालास ना, माणूस वेगळा, काम वेगळं? काम झकास चाललंय की." मग सत्काराचे हार किती आणायचे, यावर चर्चा सुरू झाली.