माझ्यासाठी गाडी चर्चपाशी थांबवली होती

मला उचलून नेलं होतं, असं आमच्या गावात अजून सांगतात. सांगणाऱ्यांची चूक नाही. ती गोष्ट मीच त्यांना पुरवली.

खरं असं, की मी स्वतःच्या पायांनी गाडीत चढलो. बॅगेत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी. अंगात स्वेटर, कारण मुक्काम थंड हवेच्या गावी होता. खिडकीची जागाही मीच मागून घेतली. पळवून नेलेला माणूस एवढी तयारी करून जात नाही.

भूमच्या बाजूला सरपंचावर अविश्वास ठराव आणायचा असला, की ग्रामपंचायत सदस्यांना आधी सहलीला नेतात आणि मतदानाच्या दिवशी थेट सभेत आणून उतरवतात. आमच्या सरपंच बाईंचा गुन्हा एवढाच, की त्यांनी पाण्याचा टँकर आधी बौद्ध वस्तीत उभा केला आणि साहेबांच्या शेततळ्यावर जाऊच दिला नाही. साहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी.

वाटेत सोनारीला भैरवनाथाच्या दारात बाकीच्या सदस्यांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली. मी कॅथलिक, बाजूला उभा. साहेबांच्या ते लक्षात आलं.

"तुमचीबी सोय करू, काका. नाराज होऊ नका."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखरच एका चर्चपाशी गाडी थांबवली. ड्रायव्हरला गाणी बंद करायला लावली, स्वतः चपला काढल्या आणि मला क्रूसासमोर उभं करून तीच शपथ घ्यायला लावली. सर्वधर्मसमभाव मी तोवर भाषणातच ऐकला होता. प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या देवापुढं बांधायचं, हा त्याचा अर्थ तिथं कळला.

सभेत हात वर करायला सांगितलं. माझा गेला. बाई पडल्या. ठरावात कारण लिहिलं, 'मनमानी कारभार'.

महिन्यातून एकदा मिस्साला येणाऱ्या फादरांकडं मी पापनिवेदनाला गेलो.

"शपथ घेतली होती, फादर. मोडली असती तर पाप लागलं असतं."

"वाईट करायची शपथ बांधत नसते. घेतली हे एक पाप, पाळली हे दुसरं. तुम्ही एक घेऊन आलात, निघाली दोन."

"साहेबांचा दबाव होता."

"ज्याच्या हाती सत्ता जास्त, त्याला देव जाबही जास्त विचारील. ते साहेब बघतील. तुमचा हात कुणी धरून वर केला का?"

"नाही."

"गाडी वाटेत थांबायची?"

"चहाला, जेवायला."

"दार?"

"उघडंच की."

"म्हणजे देवानं दिलेली मोकळीक तुम्ही चहाबरोबर पिऊन टाकली."

त्यांनी प्रायश्चित्त म्हणून प्रार्थना सांगितल्या, आणि जिथं बाईंचं नाव घालवलं तिथं ते परत करा म्हणाले. प्रार्थना मी त्याच दिवशी उरकल्या. दुसऱ्या कामाला म्हातारपण उजाडलं. पापनिवेदनातलं बोलायला फादरांना बंदी, मला नाही. तरी गप्प राहिलो मीच.

यंदा भूमच्या बाजारात बाई भेटल्या. मेथी निवडून घेत होत्या. मी धीर करून म्हणालो, "मला कुणी उचलून नेलं नव्हतं."

"ठाऊक हाय. गाडी माझ्याच दारावरनं गेली. खिडकीत तुम्ही. भर उन्हाळ्यात स्वेटर घालून."

"मग बोलला का नाहीत?"

"कुणापुढं? गावाला तुमची लई दया येत होती." त्यांनी जुडी पिशवीत टाकली. "मला ठाऊक हाय ते मलाच काय सांगताव? ज्यांना न्हाय त्यांना सांगा."

पुढच्या ग्रामसभेत मी उठलो. टँकर वस्तीत नेला हे बरोबर होतं, बाईंना मी राजीखुशीनं पाडलं, असं सांगून टाकलं. साहेबांचा पुतण्या आता सरपंच आहे. तो फार काळजीनं म्हणाला, "काका, कुणाच्या दबावाखाली बोलताय का?"

"नाही," मी म्हणालो. "तेव्हाही नव्हतो."

ग्रामसेवकानं विचारलं, हे इतिवृत्तात घ्यायचं का?

"घ्या की," बाई मागून म्हणाल्या. "मनमानी कारभार लिहिलंय ना, त्याच्या खालीच घ्या."